फ्लॅश स्मृतिचिपची ओळख आणि तिची नोंद : लिनक्स ड्रायव्हरमधील चिप-समर्थनाच्या दस्तऐवजीकरणाचा इतिहास

बीजसंज्ञा : फ्लॅश स्मृती, एम्बेडेड प्रणाली, ड्रायव्हर, लिनक्स, दस्तऐवजीकरण

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा प्रोसेसर, संगणकीय भाषा आणि मोठ्या कंपन्या यांच्याभोवती फिरते. घरातील राउटर, दूरचित्रवाणीला जोडलेला सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातील नियंत्रक यांच्या आत दडलेल्या लहान संगणकांचा, म्हणजेच एम्बेडेड प्रणालींचा, इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. अशा यंत्रांत बहुधा हार्ड डिस्क नसते. यंत्र सुरू करणारी आज्ञावली, संपूर्ण कार्यप्रणाली आणि वापरणाऱ्याने केलेली मांडणी हे सारे एका किंवा दोन फ्लॅश चिप्समध्ये साठवलेले असते. त्या चिपशी कोणत्या आदेशांनी बोलायचे, हे ज्या आज्ञावलीला ठाऊक असते तिला ड्रायव्हर म्हणतात.

अमुक एका ड्रायव्हरमध्ये अमुक एका चिपला 'समर्थन' आहे, असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय होतो? चिप ओळखली जाते एवढाच, की तिच्यावर लिहिता येते, पुसता येते आणि वीज अचानक गेल्यानंतरही यंत्र पुन्हा सुरू होते असाही? या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांत वेळोवेळी बदलत गेले. लिनक्स कार्यप्रणालीच्या संदर्भात या बदलाचा मागोवा घेणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

या अभ्यासाचे मुख्य साधन म्हणजे लिनक्सच्या कर्नलचा मूळ पाठ, त्यातील चिप्सचे तक्ते, टिपा आणि सोबतची दस्तऐवजे. २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट ही नोंदप्रणाली तयार केली. तेव्हापासून कर्नलमधील प्रत्येक बदलासोबत कर्त्याचे नाव, दिनांक आणि बदलाचे कारण जतन होत आले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरखान्यातील रुमालांचे जे मोल, तेच तंत्रज्ञानाच्या अभ्यासकाला या नोंदींचे आहे.

१. चिपचा जन्म आणि आदेशांची फाळणी

वीज गेल्यावरही टिकणाऱ्या अर्धवाहक स्मृतीची मूळ कल्पना १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील डेवॉन कांग आणि सायमन झे यांनी मांडली. चोहोबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या तरंगत्या द्वारात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे, ही ती कल्पना होय. १९७१ मध्ये इंटेलचे डोव्ह फ्रोमन यांनी तिच्या आधारे ईप्रॉम ही चिप सिद्ध केली. परंतु ती पुसण्यासाठी अतिनील किरणांची गरज भासे. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली विजेनेच मोठा भाग एकाच वेळी पुसता येईल अशी स्मृती जगासमोर ठेवली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशप्रमाणे क्षणात सर्व पुसले जाते म्हणून तिला 'फ्लॅश' हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवले. १९८७ मध्ये मासुओका यांच्या गटाने अधिक दाट रचनेची नँड फ्लॅश मांडली. दरम्यान इंटेलने १९८८ मध्ये नॉर प्रकारची फ्लॅश व्यापारी तत्त्वावर बाजारात आणली.

फ्लॅशचा एक गुणधर्म पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे. तिच्यातील एखादा बिट १ वरून ० करता येतो. परंतु ० वरून पुन्हा १ करायचा असल्यास संपूर्ण ठोकळाच पुसावा लागतो. त्यामुळे लिहिणे व पुसणे ही सामान्य स्मृतीसारखी साधी कृती राहत नाही, तर चिपला विशिष्ट आदेशांची मालिका द्यावी लागते. ही मालिका कोणती असावी याबाबत उत्पादकांत एकवाक्यता नव्हती. इंटेलच्या चिपला तिची ओळख विचारण्यासाठी हेक्साडेसिमल पद्धतीतील ९० हा एकच आदेश पुरे. एएमडीच्या चिपसमोर मात्र आधी ५५५ या पत्त्यावर एए, नंतर २एए या पत्त्यावर ५५ आणि पुन्हा ५५५ या पत्त्यावर ९० असे तीन टप्पे पार पाडावे लागत. चुकून झालेल्या लेखनापासून संरक्षण हा या कुलूपवजा मालिकेचा हेतू होता. परिणामी, ड्रायव्हर लिहिणाऱ्याला समोरची चिप कोणत्या घराण्यातील आहे हे आधी कळणे अपरिहार्य झाले.

२. उत्पादक-क्रमांक : एका बाइटमधील वंशावळ

चिपने आपली ओळख सांगावी यासाठी जेडेक या मानक संस्थेने प्रत्येक उत्पादकाला एक क्रमांक नेमून दिला. हेक्साडेसिमल पद्धतीत एएमडीला ०१, फुजित्सूला ०४, एसटीला २०, इंटेलला ८९ आणि तोशिबाला ९८ असे हे क्रमांक आहेत. त्यामागोमाग येणारा क्रमांक चिपचा प्रकार सांगतो.

कंपन्या विकल्या गेल्या, एकमेकींत विलीन झाल्या. क्रमांक मात्र तेच राहिले. एएमडी आणि फुजित्सू यांचा फ्लॅश व्यवसाय पुढे स्पॅन्शन या नावाने उभा राहिला, २०१५ मध्ये तो सायप्रसमध्ये विलीन झाला आणि २०२० मध्ये सायप्रसच इन्फिनिऑनच्या मालकीची झाली. तरीही स्पॅन्शनच्या अनेक चिप्स आपला उत्पादक ०१, म्हणजे एएमडी, असाच सांगतात. इंटेल व एसटी यांनी २००८ मध्ये न्यूमोनिक्स ही कंपनी स्थापन केली आणि २०१० मध्ये ती मायक्रॉनने घेतली. मायक्रॉनच्या अनेक सीरियल नॉर चिप्स आजही २० हा एसटीचा क्रमांक उच्चारतात. गावाचे मूळ नाव विसरले जावे, पण शेताच्या नावात ते टिकून राहावे, तसाच हा प्रकार आहे.

या व्यवस्थेत एक उणीव होती. समता-बिट वगळता एका बाइटमध्ये १२६ उत्पादकांनाच जागा मिळते. त्यापुढील उत्पादकांनी आधी ७एफ हा 'पुढे पाहा' अशा अर्थाचा संकेत द्यावा, अशी योजना करण्यात आली. अनेक चिप्स प्रत्यक्षात हा संकेत देत नाहीत. त्यामुळे वुहान येथील एक्सएमसी कंपनीच्या काही चिप्सही २० हाच क्रमांक सांगतात. केवळ क्रमांकावरून वंश ठरवता येणार नाही, हे यातून स्पष्ट होते.

३. तक्त्यांचे युग

प्रारंभीच्या काळात चिपविषयीचे ज्ञान उत्पादकाच्या छापील माहितीपत्रकात असे आणि ते ज्याच्या टेबलावर, त्याच्यापुरतेच मर्यादित राही. वोल्फगांग डेंक यांनी पुढे आणलेल्या आणि २००२ मध्ये यू-बूट हे नाव धारण केलेल्या प्रारंभक आज्ञावलीत याची खूण स्पष्ट दिसते. तेथे अनेक सर्किट बोर्डांच्या कप्प्यांत फ्लॅशसाठी स्वतंत्र आज्ञावली असे. तेच आदेश, तेच क्रमांक, किंचित फरकाने पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळतात. ज्ञान उपलब्ध होते; परंतु ते एकत्र नव्हते.

लिनक्समध्ये हे ज्ञान एकत्र आणण्याचे श्रेय डेव्हिड वुडहाउस यांनी उभारलेल्या एमटीडी या उपप्रणालीकडे जाते. जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत तिचा समावेश होता. स्वीडनमधील ॲक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने फ्लॅशसाठी तयार केलेल्या जेएफएफएस या संचिकाप्रणालीचा वुडहाउस यांनी २००१ मध्ये नव्याने विस्तार केला, तो याच पायावर. एमटीडीने चिपचे घराणे, बोर्डाची रचना आणि संचिकाप्रणाली या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. त्यामुळे चिपची माहिती एकाच तक्त्यात लिहिणे शक्य झाले. नाव, क्रमांक, आकारमान आणि ठोकळ्यांची विभागणी अशा एका ओळीची भर घातली की ती चिप त्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या सर्वांना उपलब्ध होई.

हा तक्ता एकाच वेळी आज्ञावलीही होता आणि दस्तऐवजही. अमुक चिप चालते का, असे विचारणाऱ्याला तक्ता दाखवणे पुरेसे वाटे. तथापि, त्या ओळीमागे कोणती चाचणी झाली होती, ती ओळ प्रत्यक्ष चिप हाताळून लिहिली की केवळ माहितीपत्रक वाचून, हे तक्ता सांगत नसे.

४. नँड फ्लॅश आणि लिखित मार्गदर्शनाची निकड

नँड फ्लॅशने या प्रश्नाला अधिक तीव्र रूप दिले. नँड चिप स्वस्त व दाट असते. परंतु कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्यातील काही ठोकळे सदोष असू शकतात. उत्पादक अशा ठोकळ्यांवर खूण करून ठेवतो. ती खूण चिपच्याच राखीव बाइटांत असते. ड्रायव्हरने सदोष ठोकळा न पाहता पुसला, तर खूणही पुसली जाते आणि ती परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग उरत नाही. शिवाय वाचताना बिट उलटण्याची शक्यता असल्याने त्रुटीदुरुस्तीचे संकेतही याच राखीव जागेत ठेवावे लागतात.

ही मांडणी सर्वांनी सारखीच समजून घेणे आवश्यक होते. थॉमस ग्लायक्सनर यांनी २००४ मध्ये लिनक्ससाठी लिहिलेले नँड ड्रायव्हरचे मार्गदर्शक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ५१२ बाइटच्या पानामागे असलेल्या १६ राखीव बाइटांपैकी ०, १, २, ३, ६ आणि ७ हे क्रमांक त्रुटीदुरुस्तीसाठी, तर ५ हा क्रमांक सदोष ठोकळ्याच्या खुणेसाठी, असा तपशील त्यात तक्त्याच्या रूपाने नोंदवला आहे. हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु एका आज्ञावलीने लिहिलेली चिप दुसऱ्या आज्ञावलीला वाचता येणे हे त्यावरच अवलंबून होते. २०१७ मध्ये कर्नलची दस्तऐवजे नव्या स्वरूपात आणली गेली, तेव्हा हे मार्गदर्शकही त्या स्वरूपात उतरवले गेले.

दस्तऐवज होता, तरी चिप बदलत राहिली. पानाचा आकार ५१२ बाइटवरून २,०४८ बाइटवर गेला, तेव्हा पानाचा व ठोकळ्याचा आकार ओळखीच्या चौथ्या बाइटमध्ये सांकेतिक रूपात देण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत १२८ मेगाबाइटची चिप एफ१ आणि २५६ मेगाबाइटची चिप डीए असा क्रमांक सांगते व उरलेला तपशील चौथ्या बाइटवरून काढला जातो. पुढे सॅमसंगने सहा बाइटांची ओळख देणाऱ्या नव्या चिप्समध्ये त्याच चौथ्या बाइटचा अर्थ बदलला. जुन्या पद्धतीने वाचणाऱ्या ड्रायव्हरला पानाचा आकार चुकीचा समजे. लिनक्सच्या आज्ञावलीत या अपवादाशेजारी कोणत्या चिपच्या माहितीपत्रकातील कोणत्या पानावरून हा अर्थ घेतला, याची टीप लिहिलेली आहे. आधार नमूद करण्याची ही प्रथा पुढील काळाची नांदी ठरली. अपवाद वाढत गेले आणि २०१७ मध्ये प्रत्येक उत्पादकाचे अपवाद स्वतंत्र संचिकांत विभागले गेले.

५. स्वतःचे वर्णन करणारी चिप

तक्ते वाढत चालले, तशी एक वेगळी कल्पना पुढे आली. चिपने केवळ क्रमांक न सांगता आपले संपूर्ण वर्णन स्वतःच द्यावे, म्हणजे तक्त्याची गरजच उरणार नाही. नॉर फ्लॅशसाठी 'कॉमन फ्लॅश इंटरफेस' हे मानक आले. ५५ या पत्त्यावर ९८ हा आदेश लिहिला की, चिप १० या पत्त्यापासून क्यू, आर, वाय ही तीन अक्षरे देते आणि त्यापुढे आकारमान, ठोकळ्यांची रचना व आदेश-घराण्याचा क्रमांक सांगते. इंटेल व शार्प यांच्या विस्तारित घराण्याला १ आणि एएमडी व फुजित्सू यांच्या घराण्याला २ हा क्रमांक मिळाला. आदेशांची फाळणी मिटली नाही. ती नोंदली गेली.

नँडसाठी हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, फायसन आणि सोनी यांनी २००६ मध्ये 'ओपन नँड फ्लॅश इंटरफेस' हा गट स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पहिले मानक प्रसिद्ध झाले. नँडचे दोन सर्वांत मोठे उत्पादक, सॅमसंग व तोशिबा, या गटात नव्हते. त्यामुळे स्वयंवर्णनाचे मानक आल्यावरही जुना तक्ता निवृत्त होऊ शकला नाही. या मानकानुसार चिपमध्ये २५६ बाइटचे एक वर्णनपत्र असते आणि त्याच्या किमान तीन प्रती ठेवलेल्या असतात. वर्णन साठवण्याचे माध्यम नँडच असल्याने ते बिघडू शकते, याची ही कबुलीच होय. २०१८ मध्ये लिनक्समध्ये अशी सोय करण्यात आली की, तिन्ही प्रती सदोष आढळल्यास प्रत्येक बिटासाठी बहुमत घेऊन मूळ पाठ सिद्ध करावा. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत अनेक भ्रष्ट प्रतींवरून शुद्ध पाठ ठरवतात, त्या पद्धतीशी याचे साम्य लक्षणीय आहे.

कमी तारांवर चालणाऱ्या सीरियल नॉर चिप्ससाठी जेडेकने २०११ मध्ये एसएफडीपी हे मानक प्रसिद्ध केले. या चिप्सचा लिनक्समधील ड्रायव्हर २००६ पासून केवळ तक्त्यावर चालत आला होता. २०१४ मध्ये त्याला स्वतंत्र चौकट मिळाली आणि २०१७ मध्ये चिपने दिलेले वर्णन वाचण्याची क्षमता आली.

६. वर्णनाच्या मर्यादा : एकच क्रमांक, दोन चिप्स

स्वयंवर्णनामुळे मानवी नोंदीची गरज संपेल, ही अपेक्षा फोल ठरली. एएमडी घराण्यातील काही चिप्समध्ये लहान ठोकळे वरच्या टोकाला आहेत की खालच्या, हे वर्णनाच्या पहिल्या आवृत्तीवरून विश्वासाने ठरवता येत नव्हते. लिनक्सचा ड्रायव्हर अशा वेळी चिपच्या क्रमांकातील एका बिटावरून अंदाज बांधतो. वर्णन हाती असूनही त्यावर विश्वास ठेवू नये, ही गोष्ट कोणा तरी माणसाने अनुभवाने जाणून लिहून ठेवली होती.

मॅक्रोनिक्स कंपनीच्या २५६ मेगाबिट क्षमतेच्या एका सीरियल चिपचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या 'ई' आणि 'एफ' या दोन आवृत्त्यांना कंपनीने एकच ओळख-क्रमांक दिला. सीरियल चिपला पूर्वी तीन बाइटांचा पत्ता दिला जाई. त्याने १६ मेगाबाइटपर्यंतच पोहोचता येते. ३२ मेगाबाइटच्या या चिपला चार बाइटांचा पत्ता लागतो. 'एफ' आवृत्तीत चार बाइटांच्या पत्त्यासाठी स्वतंत्र आदेश आहेत. 'ई' आवृत्तीत ते नाहीत. तेथे संपूर्ण चिपलाच चार बाइटांच्या अवस्थेत न्यावे लागते आणि काम संपल्यावर परत आणावे लागते.

हा फरक यंत्राच्या जिवावर बेतू शकतो. चिप चार बाइटांच्या अवस्थेत असताना यंत्र अचानक पुन्हा सुरू झाले आणि चिपची वीज मात्र खंडित झाली नाही, तर प्रारंभीची आज्ञावली तीन बाइटांचा पत्ता पाठवते आणि चिप चौथ्याची वाट पाहत राहते. यंत्र सुरू होत नाही. डोंगरावरील मनोऱ्यात बसवलेल्या उपकरणाबाबत याचा अर्थ, कोणी तरी तेथे चढून जाऊन वीज बंद करून पुन्हा सुरू करणे, एवढाच उरतो. लिनक्समध्ये ही अडचण दोन प्रकारे हाताळली गेली. एक म्हणजे 'एफ' आवृत्ती आपल्या वर्णनात जलद वाचनाचा एक विशिष्ट प्रकार जाहीर करते आणि 'ई' करत नाही, या आडवाटेच्या खुणेवरून दोघींत भेद करण्यात आला. दुसरे म्हणजे ज्या बोर्डांवर चिपला पुन्हा पूर्वस्थितीत आणण्याची तार जोडलेली नाही, त्यांच्यासाठी वर्णनात एक खास निशाणी ठेवण्यात आली आणि तिच्या दस्तऐवजात धोक्याचे कारण स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. निशाणी असलेले यंत्र सुरू होताना ड्रायव्हर तशी सूचनाही देतो. समर्थन आहे, परंतु ते कोठे थांबते हेही सांगितले आहे. दस्तऐवजीकरणाच्या प्रौढतेचे हे लक्षण मानावे लागेल.

७. दाव्याकडून पुराव्याकडे

चिप्सच्या नोंदीला चाचणीची जोड देण्याचा एक स्वतंत्र प्रयत्न फ्लॅशरॉम या साधनात आढळतो. लिनक्सबायॉस, म्हणजे पुढील काळातील कोअरबूट, या प्रकल्पातून ते पुढे आले. त्याच्या तक्त्यात प्रत्येक चिपसमोर ओळखणे, वाचणे, पुसणे आणि लिहिणे या चार क्रियांची चाचणी झाली आहे का, झाली असल्यास यशस्वी की अयशस्वी, हे नोंदवले जाते. 'चाचणी झालेली नाही' हीदेखील तेथे एक प्रामाणिक नोंद आहे.

लिनक्सच्या सीरियल नॉर ड्रायव्हरमध्ये २०२० मध्ये चिप्सचे तक्ते उत्पादकांनुसार विभागले गेले. त्यानंतरच्या काळात नवी चिप सुचवणाऱ्यासाठी लिखित नियम तयार झाले. माहितीपत्रकाचा दुवा, चिपमधून वाचलेले मूळ वर्णन आणि त्याची पडताळणी-बेरीज, ड्रायव्हरने त्यावरून काढलेले निष्कर्ष, तसेच पुसणे, लिहिणे व परत वाचणे या चाचण्यांचा निकाल या सर्व गोष्टी बदलाच्या नोंदीसोबत मागितल्या जातात. ज्या चिपचे स्वयंवर्णन पुरेसे आहे, तिच्यासाठी तक्त्यात नवी ओळ घालू नये, असाही कल त्यात दिसतो. तक्त्याची ओळ आता पहिली पायरी न राहता अपवाद झाली आहे आणि अपवादासाठी पुरावा द्यावा लागतो.

मूळ वर्णन जपून ठेवण्यामागील हेतू दूरदर्शी आहे. उद्या उत्पादकाने त्याच क्रमांकाची वेगळी चिप आणली, तर जुन्या आणि नव्या वर्णनांची तुलना करता येईल. माहितीपत्रके कंपनीबरोबर नाहीशी होतात. चिपने स्वतः दिलेली साक्ष मात्र नोंदीत शिल्लक राहते.

निष्कर्ष

१) फ्लॅश चिपच्या समर्थनाचा अर्थ छापील माहितीपत्रक, क्रमांकाचा तक्ता, चिपचे स्वयंवर्णन आणि पुराव्यासह नोंद अशा टप्प्यांनी विकसित होत गेला. नवा टप्पा आल्यावर आधीचा टप्पा नाहीसा झाला नाही. तो अपवादांच्या रूपाने टिकून राहिला.

२) मानकांची व्याप्ती केवळ तांत्रिक गुणवत्तेवर ठरली नाही. ती मान्य करणारे व बाहेर राहणारे उत्पादक, कंपन्यांचे विलीनीकरण आणि क्रमांकांचा पुनर्वापर यांचाही तिच्यावर निर्णायक परिणाम झाला.

३) यंत्र जितके स्वतःविषयी बोलू लागले, तितकी त्या बोलण्याची शहानिशा करणाऱ्या मानवी नोंदीची गरज वाढली. एखाद्या ओळीमागे कोणती चाचणी होती आणि कोणता आधार होता, हे लिहून ठेवणाऱ्यांमुळेच उत्पादक कंपनी लयाला गेल्यानंतरही तिची चिप बसवलेली यंत्रे चालू ठेवता येतात. दस्तऐवजीकरण हे ड्रायव्हर पूर्ण झाल्यानंतरचे दुय्यम काम नसून, ते समर्थनाचाच एक भाग आहे, हे या चार दशकांच्या इतिहासातून दिसून येते.